कर्नल कोडमधले पत्ते: व्हर्च्युअल कुठला, फिजिकल कुठला आणि डिव्हाइसला कुठला द्यायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी भट्टीचं तापमान नोंदवणारं बोर्ड करायचं, त्यावर लिनक्स चढवायचं आणि ड्रायव्हर स्वतः लिहायचा, असा प्रोजेक्ट हातात घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्हाला सी येतं, पॉइंटरची भीती नाही, ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपरही सुटलाय. तरी पहिल्याच आठवड्यात कर्नल पॅनिक होतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: पत्ता बरोबर, पण चुकीच्या हातात दिलेला.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराला दोन पत्ते असतात. रिक्षावाल्याला ‘आठवी गल्ली’ सांगायचं. प्रॉपर्टी कार्डावर मात्र सिटी सर्व्हे नंबर आणि ई वॉर्ड. घर तेच, पण सर्व्हे नंबर सांगून रिक्षा दारात येत नाही, आणि गल्ली सांगून नगर भूमापनात उतारा निघत नाही. मेमरीचंही असंच आहे, फक्त इथे पत्ते दोन नाहीत, तीन आहेत. सी कोडमध्ये पॉइंटर उघडताना लागतो तो व्हर्च्युअल. पेज टेबलच्या नोंदीत भरायचा तो फिजिकल. डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहायचा तो बसचा, म्हणजे डीएमए पत्ता (डीएमए म्हणजे डिव्हाइसने सीपीयूला मध्ये न घेता मेमरी वाचणं-लिहिणं). कुठलाही पत्ता बदलण्याआधी ‘हा वापरणार कोण?’ एवढं विचारलं तरी निम्म्या चुका होतच नाहीत.

फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये मूळ स्पेलिंगच टाइप करा. हेक्स आकडे पहिल्यांदा येतात तिथे तसं सांगितलंय, पुढचे पत्तेही हेक्समध्येच समजा.

पायरी १: आधी बोर्ड नको, क्यूएमू घ्या

सुरुवात एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठी लिहिलेल्या छोट्या कर्नलवर करा, रिस्क-व्ही आवृत्तीवर, आणि ती क्यूएमू या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवा. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. एक्सव्ही६ आपल्या आभासी मशीनला १२८ एमबीच मागतं. उबंटूवर क्यूएमूचं सिस्टिम-मिस्क पॅकेज, रिस्क-व्ही ६४ साठीचा जीसीसी आणि जीडीबी-मल्टिआर्च बसवा. उबंटू २२.०४ असेल तर इथेच अडाल: त्याच्यासोबत क्यूएमू ६.२ येतं आणि एक्सव्ही६ची नवी मेकफाइल ७.२ च्या खालचं क्यूएमू घेत नाही. २४.०४ वर ही कटकट नाही.

‘मेक क्यूएमू’ दिल्यावर शेल दिसलं की कंट्रोल-ए आणि मग सी दाबा. क्यूएमूचा मॉनिटर उघडतो. इथल्या दोन आज्ञा पाठ करा: ‘एक्स’ व्हर्च्युअल पत्त्यावरची मेमरी दाखवते, ‘एक्सपी’ फिजिकल पत्त्यावरची. ‘इन्फो मेम’ दिलं की त्या क्षणी चालू असलेल्या पेज टेबलचं मॅपिंग ओळीओळीने समोर येतं. पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीपेक्षा हे शंभर पटीने बरं. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि एक्स.

पायरी २: एक पत्ता हाताने सोडवा

हे टाळू नका. एकदा कागदावर केलं की पुढे डीबगरमधला आकडा बघूनच चूक कळते.

रिस्क-व्हीच्या एसव्ही३९ पद्धतीत व्हर्च्युअल पत्त्याचे ३९ बिट कामाचे. खालचे १२ बिट म्हणजे पानातली जागा, कारण पान ४०९६ बाइटचं. वरच्या २७ बिटांचे ९-९-९ असे तीन तुकडे, प्रत्येक तुकडा एका पातळीच्या टेबलातला क्रमांक. एका टेबलात ५१२ नोंदी, नोंद ८ बाइटची, म्हणजे टेबल बरोबर एका पानात बसतं. इंटेल-एएमडीच्या ६४ बिटवर चार पातळ्या आणि ४८ बिट. पाच पातळ्यांचा प्रकार असेल तर ५७.

आता यूजर प्रोग्रॅमचा व्हर्च्युअल पत्ता घ्या, हेक्समध्ये ४००८. शेवटचे तीन हेक्स अंक, ००८, ही पानातली जागा. उरला ४. म्हणजे वरच्या दोन पातळ्यांचा क्रमांक ० आणि सगळ्यात खालच्या टेबलातली नोंद क्रमांक ४. समजा त्या नोंदीत हेक्स २००११०१७ असा आकडा आहे. खालचे १० बिट झेंड्यांचे: हेक्स १७ म्हणजे १ + २ + ४ + १०, अर्थात वैध, वाचता येतं, लिहिता येतं, यूजरला मोकळं. उरलेला आकडा १० बिट उजवीकडे सरकवा, ८००४४ मिळतो. तो १२ बिट डावीकडे सरकवा, ८००४४०००. त्यात ००८ मिळवा. फिजिकल पत्ता ८००४४००८.

इथली ठरलेली चूक बघा. इंटेलवर शिकलेला माणूस सवयीने खालचे १२ बिट पुसतो आणि उरलेल्याला थेट पत्ता मानतो. इंटेलच्या नोंदीत पत्ता जागच्या जागी असतो, म्हणून तिथे ते चालतं (वरचे झेंडेही पुसायला लागतात, ते वेगळं). रिस्क-व्हीत नोंद दोन बिट उजवीकडे सरकलेली असते. वरच्या आकड्याला तसं केलंत तर २००११००० मिळेल. क्यूएमूच्या ‘व्हर्ट’ मशीनवर रॅम सुरू होते हेक्स ८००००००० पासून, आणि २००११००० एक्सव्ही६च्या कर्नल पेज टेबलात मॅपच नाही. परिणाम: केर्नेलट्रॅपचा पॅनिक, एसकॉज या फॉल्टचं कारण सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये १३ (हेक्समध्ये डी) आणि एसटीव्हॅल या फॉल्टचा पत्ता सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये २००११०००. एसकॉज १३ म्हणजे वाचताना पेज फॉल्ट, १५ म्हणजे लिहिताना, १२ म्हणजे सूचना आणताना. एसटीव्हॅलचा आकडा चारने गुणून बघा. खरा पत्ता निघाला तर चूक सरकवण्याचीच आहे.

नोंद बदलली की टीएलबी (सीपीयूने जपून ठेवलेली अलीकडची भाषांतरं) साफ करायला विसरू नका. रिस्क-व्हीवर एसफेन्स.व्हीएमए, इंटेलवर इन्व्हएलपीजी. विसरलात तर कोड कधी चालतो, कधी नाही, आणि मध्ये प्रिंट टाकली की हमखास चालतो. असला बग रात्र खातो.

पायरी ३: सोपेपणाचा सापळा

एक्सव्ही६मध्ये कर्नलसाठी रॅम जशीच्या तशी मॅप केलेली असते: व्हर्च्युअल ८००४४००० म्हणजे फिजिकल ८००४४०००. म्हणून पेज टेबलमधून काढलेला फिजिकल पत्ता तिथला कोड सरळ पॉइंटर म्हणून वापरतो. वाचायला छान, सवय लावायला वाईट. लिनक्समध्ये हाच कोड लिहिलात की विषय हार्ड होतो.

आणि एक्सव्ही६मध्येही हे सगळीकडे खरं नाही. प्रत्येक प्रोसेसचा कर्नल स्टॅक पत्त्यांच्या पार वरच्या टोकाला, ट्रॅम्पोलिन पानाच्या (यूजर आणि कर्नलमध्ये ये-जा करणाऱ्या कोडच्या पानाच्या) खाली मॅप केलेला असतो. दोन स्टॅकांच्या मध्ये एक मोकळं, अवैध पान मुद्दाम सोडलेलं असतं, म्हणजे स्टॅक उतू गेला तर शेजाऱ्याचं गुपचूप नासण्याऐवजी लगेच फॉल्ट येतो. म्हणजेच कर्नल फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता आणि त्याचा फिजिकल पत्ता वेगळे.

याचा फटका कुठे बसतो ते एक्सव्ही६च्या डिस्क ड्रायव्हरमध्येच दिसतं. व्हर्टआयओ डिस्कला (क्यूएमूच्या आभासी डिस्कला) विनंती पाठवताना डिस्क्रिप्टरमध्ये विनंतीच्या शीर्षकाचा पत्ता लिहायचा असतो, आणि डिस्कला हवा फिजिकल. जुन्या आवृत्तीत हे शीर्षक स्टॅकवर होतं, म्हणून तेवढ्या एका ठिकाणी केव्हीएमपीए नावाचं फंक्शन पेज टेबल चालून फिजिकल पत्ता काढायचं. बाजूच्या डेटा बफरला मात्र त्याची गरज नव्हती, कारण तो थेट मॅपमध्ये होता. नव्या आवृत्तीत शीर्षकच ड्रायव्हरच्या ग्लोबल स्ट्रक्चरमध्ये हलवलं आणि केव्हीएमपीए लागेनासं झालं. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा. ‘स्टॅकवरचा बफर डिव्हाइसला देऊ नये’ हा नियम असा डोळ्यांसमोर पडलेला क्वचित बघायला मिळतो.

लिनक्सने इंटेल-एएमडी ६४ बिटवर ४.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या डिसेंबरपासून, कर्नल स्टॅक व्ही_मॅलॉकच्या, म्हणजे फक्त व्हर्च्युअल सलग असलेल्या, भागातून घ्यायची सोय केली. एआरएम६४ वर ती नंतर आली. त्यामुळे पूर्वी नशिबाने चालणारे, स्टॅकवर बफर ठेवणारे बरेच ड्रायव्हर तेव्हा उघडे पडले.

पायरी ४: यूजरकडून आलेला पॉइंटर

रीड-राइटमध्ये यूजर प्रोग्रॅम जो पत्ता देतो तो त्याच्या पेज टेबलातला व्हर्च्युअल पत्ता. तो खरा असेलच असं नाही, आणि मुद्दाम कर्नलचा पत्ताही देईल कोणी. तो थेट उघडायचा नाही. लिनक्समध्ये कॉपी_फ्रॉम_यूजर आणि कॉपी_टू_यूजर, एक्सव्ही६मध्ये कॉपीइन आणि कॉपीआउट.

कॉपीइन एकदा स्वतः लिहून बघा, कारण पानाची हद्द तिथेच समजते. यूजरचा १०० बाइटचा बफर पानातल्या ४०८० व्या जागेपासून सुरू झाला तर पहिले १६ बाइट एका फ्रेममध्ये (फिजिकल पानात) आणि उरलेले ८४ भलत्याच फ्रेममध्ये असू शकतात. व्हर्च्युअल पानं सलग म्हणून फिजिकल सलग, असं नसतं. म्हणून प्रत्येक फेरीत नव्याने भाषांतर करायचं, आणि नोंद वैध आहे का, यूजरचा झेंडा आहे का, हे दोन्ही तपासायचं. छोट्या स्ट्रिंगवर चाचणी घेऊन ‘चालतंय’ म्हणणाऱ्यांचा कोड इथेच पडतो. चाचणीचा बफर मुद्दाम हद्दीवर ठेवा.

लिनक्सच्या कॉपी_फ्रॉम_यूजरबद्दल एक लक्षात ठेवा: ते ‘किती बाइट राहिले’ ते परत देतं, किती झाले ते नाही. शून्य आलं तर सगळं ठीक. दुसरं काही आलं तर उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा त्रुटी क्रमांक) परत करायचं, तो आकडा तसाच वर सोडायचा नाही.

पायरी ५: लिनक्समध्ये मेमरी आली कुठून, ते आधी ठरवा

लिनक्समध्ये व्हर्ट_टू_फिज नावाचं फंक्शन आहे आणि नवखा माणूस ते सगळीकडे वापरतो. ते पेज टेबल चालत नाही. फक्त वजाबाकी करतं. चार पातळ्यांच्या इंटेल-एएमडी कर्नलमध्ये, पत्ते इकडेतिकडे हलवणारं केएएसएलआर बंद असेल तर, सगळी रॅम ज्या व्हर्च्युअल पत्त्यापासून ओळीने मॅप केलेली असते तो हेक्समध्ये चार एफ, मग ८८८ आणि पुढे नऊ शून्यं असा आहे. त्या भागातल्या पत्त्याच्या शेपटीला १२३४५००० असेल तर फिजिकल पत्ता १२३४५०००. बस, एवढंच.

म्हणून हे फंक्शन त्या थेट मॅपमधल्या पत्त्यालाच लागू पडतं. के_मॅलॉकची मेमरी तिथली, फिजिकलही सलग. एका वेळी साधारण ४ एमबीपर्यंत मिळते, पण मशीन बराच वेळ चालू असेल तर मोठा सलग तुकडा मिळेलच याचा भरवसा नाही. व्ही_मॅलॉकची मेमरी दुसऱ्या भागातली, व्हर्च्युअल सलग पण फिजिकल विखुरलेली. तिच्या प्रत्येक पानासाठी व्ही_मॅलॉक_टू_पेज वेगळं विचारावं लागतं. स्टॅकचं वर सांगितलंच.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मॉड्यूलमधला ग्लोबल ॲरे. वाटतं, स्टॅटिक आहे, कर्नलचाच आहे, चालेल. पण मॉड्यूल लोड होतं तो भाग थेट मॅपमध्ये नसतो. व्हर्ट_टू_फिज तक्रार न करता वजाबाकी करून एक कचरा आकडा हातात ठेवतं. डिव्हाइसने तिथे लिहिलं तर दुसऱ्याच कुणाची तरी मेमरी नासते, आणि पॅनिक येतं ते तासाभराने, भलत्या ठिकाणी. कर्नल बांधताना कॉन्फिग_डीबग_व्हर्च्युअल चालू ठेवा, मग असा वापर जागेवरच पकडला जातो. शिकण्याच्या कर्नलमध्ये ते बंद ठेवायला काही कारण नाही.

पत्ता ठेवायच्या व्हेरिएबलचे प्रकारही सांभाळा. फिजिकलला फिज_ॲडर_टी, डिव्हाइसच्या पत्त्याला डीएमए_ॲडर_टी. ३२ बिट एआरएमवर एलपीएई (४ जीबीच्या वरचे फिजिकल पत्ते वापरायची सोय) असेल तर फिजिकल पत्ता ३२ बिटांत मावत नाही, आणि अनसाइन्ड लाँगमध्ये कोंबला की वरचे बिट गळतात. ४ जीबीच्या खाली सगळं सुरळीत, वर गेलं की गोंधळ. छापताना फिजिकलसाठी %पीए, डीएमएसाठी %पीएडी, आणि दोन्हींना व्हेरिएबलचा पत्ता द्यायचा, किंमत नाही. साध्या %पी ने छापलेला पॉइंटर ४.१५ पासून मुद्दाम बदलून छापला जातो. लॉगमधला तो आकडा घेऊन हिशेब करत बसू नका.

पायरी ६: रजिस्टरचा पत्ता

आता बोर्ड काढा. रास्पबेरी पाय ४ घेऊ, कारण तिन्ही प्रकारचे पत्ते त्यावर ढळढळीत वेगळे दिसतात.

त्याच्या चिपच्या, बीसीएम२७११ च्या, माहितीपत्रकात जीपीआयओचा (पिना चालवणाऱ्या रजिस्टरांचा) पत्ता हेक्स ७ई२००००० दिलाय. हा बसचा पत्ता. सीपीयूला तीच रजिस्टरं एफई२००००० ला दिसतात, हा फिजिकल. पाय ३ वर फिजिकल पत्ता ३एफ२०००००, आणि बसचा तोच जुना ७ई२०००००. म्हणजे इंटरनेटवरचा पाय ३ चा कोड उचलला की पहिला फटका इथे.

माहितीपत्रकातला ७ई२००००० थेट आयओ_रीमॅपला (फिजिकल पत्त्यावरची रजिस्टरं व्हर्च्युअल पत्त्यावर मॅप करणाऱ्या फंक्शनला) दिलात तर? ४ जीबीच्या बोर्डावर त्या फिजिकल पत्त्याला साधी रॅम असते. एआरएम६४ कर्नल रॅमवर आयओ_रीमॅप करू देत नाही: वॉर्निंग आणि नल. नल न तपासता पुढे गेलात तर लगेच ऊप्स, म्हणजे कर्नलने छापलेला बिघाडाचा अहवाल.

बरोबर रस्ता म्हणजे पत्ता कोडमध्ये लिहायचाच नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) ७ई२००००० असतो, वरच्या रेंजेस नोंदीवरून कर्नल त्याचं एफई२००००० करतं, आणि डेव्हएम_प्लॅटफॉर्म_आयओरीमॅप_रिसोर्स तुम्हाला वापरण्याजोगा व्हर्च्युअल पत्ता देतं. त्यातून वाचायचं रीडएल ने, लिहायचं राइटएल ने. साधा पॉइंटर उघडला तर कंपायलर वाचनं गाळतो किंवा क्रम बदलतो, आणि बहुतेकदा ते ऑप्टिमायझेशन वाढवल्यावरच दिसतं. ‘मेक सी=१’ देऊन स्पार्स हे कोड तपासणारं टूल चालवा. यूजर आणि आयओमेमच्या खुणा असलेले पॉइंटर साध्या पॉइंटरात मिसळले की ते ओळ क्रमांकासह सांगतं.

पायरी ७: डीएमए

पाय ४ च्या जुन्या धाटणीच्या डीएमए कंट्रोलरला रॅमचा फक्त पहिला १ जीबी दिसतो, आणि तोही सी००००००० पासून पुढे. म्हणजे फिजिकल १००००००० वरचा बफर त्याच्यासाठी डी००००००० वर आहे. व्हर्ट_टू_फिजने काढलेला आकडा रजिस्टरमध्ये लिहिलात तर सीपीयूच्या दृष्टीने तो अगदी बरोबर, डिव्हाइससाठी चूक. मध्ये आयओएमएमयू (डिव्हाइसच्या पत्त्यांचं भाषांतर करणारं हार्डवेअर) असलेल्या मशीनवर तर या दोन आकड्यांचा एकमेकांशी वजाबाकीचाही संबंध नसतो.

क्रम असा ठेवा. प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंटने डिव्हाइस किती बिटांचा पत्ता देऊ शकतं ते सांगा आणि परतीची किंमत तपासा. भट्टीच्या नोंदींसारखा सतत चालणारा बफर असेल तर डीएमए_अलॉक_कोहेरंट घ्या: एकाच हाकेत सीपीयूसाठी पॉइंटर आणि डिव्हाइससाठी डीएमए पत्ता, दोन्ही मिळतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. एकेका वेळच्या बफरसाठी के_मॅलॉक, मग डीएमए_मॅप_सिंगल, लगेच डीएमए_मॅपिंग_एरर, काम झालं की अनमॅप. शून्याशी तुलना करून चूक ओळखू नका, शून्य हा वैध डीएमए पत्ता असू शकतो. व्ही_मॅलॉकचा किंवा अशा स्टॅकवरचा पत्ता डीएमए_मॅप_सिंगलला दिलात तर अलीकडची कर्नलं मॅपिंग नाकारून वॉर्निंग देतात.

मॅप आणि अनमॅपच्या मधल्या काळात बफर डिव्हाइसचा. त्यात डोकावायचंच असेल तर आधी डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू. हे विसरल्याचं लक्षण ठरलेलं: पहिलं वाचन बरोबर, त्यानंतर भट्टी तापली तरी आकडा तोच. रॅममध्ये नवा आकडा आलेला असतो, सीपीयू मात्र कॅशमधला जुना वाचत राहतो. उलटा प्रकारही होतो: डीएमएचा छोटा बफर एखाद्या स्ट्रक्चरच्या मध्ये ठेवला आणि शेजारचं फील्ड त्याच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये आलं, की त्या फील्डला हात लावल्यावर डिव्हाइसने लिहिलेला डेटा पुसला जातो. डीएमएचा बफर स्वतंत्र के_मॅलॉक करा, स्ट्रक्चरच्या पोटात नको. कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग चालू असेल तर न केलेले अनमॅप आणि चुकलेली दिशा लॉगमध्ये येतात.

जुन्या पुस्तकांत व्हर्ट_टू_बस दिसेल. तो रस्ता बंद आहे असं समजा.

ऊप्स आला की आकडा वाचा

कोड उघडण्याआधी फॉल्टचा पत्ता बघा. शिकताना बूटच्या ओळीत नोकेएएसएलआर टाका म्हणजे इंटेल-एएमडीवर भागांचे पत्ते ठरलेले राहतात. शून्याच्या जवळचा लहान आकडा, समजा हेक्स १८, म्हणजे नल पॉइंटरवरून स्ट्रक्चरचं फील्ड काढलंय; हेक्स १८, म्हणजे सुरुवातीपासून २४ बाइट पुढे, कुठलं फील्ड आहे ते मोजा, कुठला पॉइंटर ते कळतं. चार एफनंतर ८८८ म्हणजे थेट मॅप, चार एफनंतर सी९० म्हणजे व्ही_मॅलॉक किंवा आयओ_रीमॅपचा भाग, आणि तिथे फॉल्ट आला तर आधीच सोडलेलं मॅपिंग वापरलंय का ते बघा. आठ एफनंतर ८ पासून पुढे कर्नलचा स्वतःचा कोड, तिथूनच पुढे मॉड्यूल. आकडा एफने सुरू होत नाही आणि लहानही नाही, वर पेज फॉल्टऐवजी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट लिहिलंय, तर पॉइंटरच नासलाय. त्यात ६बी६बी६बी असं दिसलं तर सोडलेली मेमरी पुन्हा वापरली. स्लॅबचं (के_मॅलॉकमागच्या वाटपयंत्रणेचं) डीबगिंग चालू असताना सोडलेल्या मेमरीत ६बी भरलं जातं. ‘डेड’ ने सुरू होऊन शेवटी १०० असलेला आकडा म्हणजे लिस्टमधून आधीच काढलेल्या घटकाचा पुढचा दुवा, आणि अशा वेळी लिस्टमधून तो दोनदा कोण काढतंय ते शोधायचं.